काजूच्या बागेत डुकरं मोकळी पाळायची आहेत, पण पावसाळ्याचं काय?

मातीतला_पुणेकर

नमस्कार मंडळी.

कुडाळ तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. 2 एकर काजू (बरीचशी वेंगुर्ला-4, कडेला थोडी वेंगुर्ला-7), सव्वा एकर भाताचे कुणगे, घराभोवती साठेक माड, उरलेला कातळ आणि करडाचं गवत. पुण्याची नोकरी सोडून गावी आलो त्याला 3 वर्षं झाली. युरियाची गोणी पहिल्याच वर्षी बंद केली. 2 गाई, पंधराएक गावठी कोंबड्या, शेणखत आणि जीवामृत यावर सगळं चाललंय.

दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. पहिली बोंडू, म्हणजे बीच्या वरचं काजूचं रसाळ फळ. मार्चपासून मेपर्यंत काजूखाली सडा पडतो. बी पिळून घ्यायची आणि बोंडू तिथंच फेकायचा. मग माश्या, आंबूस वास. गोव्यात असतो तर फेणीच्या भट्टीवाल्याला दिले असते. गाई थोडे खातात, बाकीचे कुजतात. दुसरी गोष्ट लव्हाळा. भात कापलं की 4 कुणग्यांत नुसता लव्हाळाच उभा राहतो. कुदळीने खणून गाठी वेचायला माणसं मिळत नाहीत, तणनाशक मला मारायचं नाही.

परदेशातल्या सेंद्रिय शेतांचे व्हिडिओ बघतो, तिथे डुकरं मोकळ्या रानात फिरतात, नाकाने जमीन उकरतात, पत्र्याच्या अर्धगोल खोपटात झोपतात. वाटलं, आपल्या दोन्ही दुखण्यांवर हे एकच जनावर औषध आहे. विचार आहे 2 माद्या आणि 1 नर घेऊन सुरुवात करायचा. सिमेंटच्या खुराड्यात कोंडून नाही पाळायची, बाहेरच ठेवायची.

पण इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जमीन उताराची आहे. वर रानडुक्कर आहे, बिबट्या आहे. आणि घरात बाबा आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "डुकरां पाळतलंस? उद्या गावात तोंड खंय दाखवू?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कोकणात किंवा गोव्यात कुणी असं खरंच करतंय का? कुंपण कसलं घातलं? काजूच्या मुळांना त्रास होतो का? अनुभवाचं लिहा. युट्यूबवरचं मी सगळं बघून झालोय.

सातारी_शेड

दादा, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मोकळं सोडायचं खूळ डोक्यातून काढा. माझ्याकडे 20 माद्यांचं शेड आहे, लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा संकर. साधारण 8 महिन्यांत जनावर 80-90 किलोवर जातं, कारण ते खातं आणि झोपतं. बाहेर सोडलेलं डुक्कर दिवसभर चालतं, उकरतं, म्हणजे तुम्ही घातलेलं खाद्य पायांत जिरतं. एक किलो वजन वाढवायला मला बंदिस्तात तीन-साडेतीन किलो खाद्य लागतं, बाहेर किती लागेल याचा हिशेब करा आणि मग बोंडवाचं कौतुक करा.

दुसरं म्हणजे रोग. शेडमध्ये मी गेटवर चुना टाकतो, बाहेरच्या माणसाला आत घेत नाही. रानात कुणाला अडवणार? मुंगसाला?

उन्हाळ्यात माझ्याही शेडमध्ये त्रास होतो, ते कबूल. मागच्या मे महिन्यात दुपारी फॉगर बंद पडला आणि एक गाभण मादी गेली. तरी शेडच बरं. बाकी तुमची मर्जी.

कुळागराची_लेक

मातीतले भाऊ, तुमचा प्रश्न वाचून चहा ठेवला आणि लिहायला बसले, त्यामुळे लांबण लागणार.

माझं माहेर गोव्यातल्या काणकोणचं, सासर वेंगुर्ला तालुक्यातलं. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे गावात तोंड दाखवायचा प्रश्न आमच्या घरी नव्हता. माहेरी डुकरं, सासरीही डुकरं. लग्न ठरवायला आलेल्या सासूबाईंनी मला स्वयंपाकाचं विचारलंच नाही. विचारलं, "डुकरीण व्यायला आली तर रात्री उठशील ना?" आज माझ्याकडे 3 माद्या आणि 1 नर आहे, 3 एकरांत काजू, माड, थोडी सुपारी आणि भात.

सातारकर दादांचा हिशेब खोटा नाही, पण तो सगळं खाद्य विकत आणणाऱ्याचा हिशेब आहे. माझं डुक्कर वर्षाला जेमतेम 50 किलोवर येतं. मला ती घाई नाही, कारण वर्षातले निम्मे दिवस ते माझ्या शेतात मजुरी करतं.

आधी जात. पहिल्या वर्षी मीही दोन पांढरी संकरित पिल्लं आणली होती, दिसायला गोजिरी. मार्चच्या उन्हात त्यांचे कान लाल झाले, मग पाठीची साल निघाली. खोबरेल लावून लावून हात दुखले. तेव्हापासून काळीच. माझा नर माहेराहून आणलाय, अगोंद्याच्या बाजूचा. तिथल्या काळ्या डुकरांची आता "अगोंदा गोवन" या नावाने देशी जात म्हणून सरकारी नोंदणी झाली आहे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आपल्याला जमिनीचा उतारा अजून धड मिळाला नाही, डुकराला मिळाला!"

आता पावसाचं. इथेच माझं हसं झालं होतं, म्हणून नीट सांगते. मला पण बारा महिने बाहेर ठेवायची होती. घराखालच्या उतारावर कुंपण घातलं, माडाच्या झापांचं खोपट केलं. मृग बरा गेला. आर्द्रात चिखल झाला, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या तुकड्यावर गवताचं पातं उरलं नाही. वरची माती लाल पाणी होऊन शेजाऱ्याच्या कुणग्यात उतरली, त्याने बांधावर उभं राहून काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्याच आठवड्यात आमची भोपळी नावाची डुकरीण व्याली. डुकरीण व्यायच्या आदल्या दिवशी घरटं करायला लागते, तोंडात काड्या धरून येरझारा घालते. तिला आमचं खोपट पसंत पडलं नाही. ती करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी 9 पिल्लांतली 4 उरली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की कोकणात डुक्कर 8 महिने बाहेरचं आणि 4 महिने घरचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पक्क्या छपराखाली. पण सिमेंटवर नाही. खाली मुरूम, त्यावर दीड फूट करड, भाताचं तूस आणि काजूचा पातेरा, म्हणजे सुकी पानं. हे काढायचं नाही, दर दोन-तीन दिवसांनी वर कोरडं घालत राहायचं. डुकरंच ते उलथंपालथं करतात. एका कोपऱ्यात हागतात, दुसऱ्यात झोपतात, गाईपेक्षा शहाणी. दसऱ्याला उकरायला घेतलं की तयार होत आलेलं खत निघतं, ते आणखी दोन-तीन महिने ढिगात मुरवते. व्यायच्या खणात भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर बांबू आडवा बांधला आहे, म्हणजे आई धपकन आडवी झाली तरी पिल्लांना मागे सरकायला फट राहते. हा बांबू नसेल तर पिल्लं चेंगरतात, आणि ती सगळ्यात जास्त पहिल्या दोन-तीन दिवसांत चेंगरतात.

दिवाळीच्या सुमारास भात निघालं की पहिली पाळी लव्हाळ्याची. यात तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर. लव्हाळ्याच्या गाठीसाठी डुक्कर हातभर खोल जातं. पण सगळे कुणगे एकदम द्यायचे नाहीत. एक कुणगा, 8-10 दिवस, मग पुढचा. जमिनीत ओल असेपर्यंतच हे काम होतं. पौषात आमची माती विटेसारखी होते, मग डुकरं नुसती उभी राहून तुमच्याकडे बघतात. कुंपणाची तार मेरेपासून, म्हणजे कुणग्याच्या बांधापासून, दोन हात आत घ्या. मेरेत कुर्ल्या (खेकडे) असतात, आणि कुर्लीच्या नादात एका रात्रीत माझी 12 हात मेर त्यांनी उलगडली होती. उकरलेल्या कुणग्यात लगेच कुळीथ टाकते, छान येतो. मुळा-लालभाजी मात्र तिथे 4 महिने करत नाही, ताजी लीद असते.

काजूखाली मार्चपासून. सकाळी आधी वेचून घ्यायचे, बी पिळून काढायची, आणि मग 10-11 वाजता डुकरं आत. उलट केलंत तर ती बोंडू खातील आणि बी चिखलात तुडवतील, मग तुम्ही बी शोधत बसा. काजूची बारीक मुळं वरच असतात, म्हणून एका तुकड्यात 4 दिवसांच्या वर ठेवत नाही. 5 वर्षांच्या आतल्या कलमांजवळ तर नाहीच. माडाच्या आळ्यांत अजिबात नाही, आळी उकरायला त्यांना फार आवडतं. आणि दुपारपर्यंत उन्हात पडलेला बोंडू आंबतो हे लक्षात ठेवा. आमचा नर एकदा पाटीभर तसले खाऊन संध्याकाळी असा घोरत पडला की नवरा म्हणाला, याला आता उतारा म्हणून लिंबू सरबत देऊ का?

बोंडवावर डुक्कर जगतं, वाढत नाही. त्यात पाणी आणि साखर, कस कमी. पाजत्या मादीला तर नुसता बोंडू देणं म्हणजे पिल्लांचा जीव घेणं. मी सकाळ-संध्याकाळ भाताचा कोंडा, कणी, खोबऱ्याची पेंड आणि उकडलेला तेरा (रानटी अळू) घालते. तेरा कच्चा घालू नका, घसा खाजतो. बाजारातली मासळीची डोकी उकळून देते, पण कापायच्या आधी महिनाभर बंद, नाहीतर मटणाला मासळीचा वास येतो आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या दारात जातं.

कुंपण म्हणजे झटका मशीन, सोलरचं. एक तार जमिनीपासून वीतभर, दुसरी दोन विती. नवीन डुकराला आधी शिकवावं लागतं. दगडी गडग्याच्या आत छोट्या जागेत तार लावून 5-6 दिवस ठेवा. न शिकलेलं डुक्कर झटका बसला की पुढे पळतं, म्हणजे तार तोडून बाहेर. शिकलेलं मागे येतं. एप्रिलमध्ये जमीन इतकी कोरडी होते की झटकाच बसत नाही, मग अर्थिंगच्या सळईत रोज बादलीभर पाणी ओतायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस मशीन बिघडलं समजून दुकानदाराशी भांडले, नंतर त्याची माफी मागायला गेले.

विक्रीचं थोडक्यात. नाताळ आणि मेमधली लग्नं. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या 40 दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाही. मी गणपती गेले की नर सोडते. 3 महिने, 3 आठवडे, 3 दिवस, म्हणजे 114 दिवस, की संक्रांतीच्या आसपास पिल्लं. कोरड्या जमिनीत जन्मतात, बोंडवाच्या दिवसांत खायला लागतात, पावसात आत वाढतात आणि डिसेंबरला तयार. हे गणित सासूबाईंचं, माझं नाही.

सफोकचा_सांगलीकर

ताई, तुमचं लिखाण वाचून मी इथे शेडमध्ये एकटाच हसत होतो.

मी मूळ सांगलीचा, 6 वर्षं इंग्लंडमध्ये सफोक भागात एका सेंद्रिय मिश्र शेतावर डुकरांचं काम बघतो. भाऊंनी जे व्हिडिओ बघितले ते बहुधा अशाच शेतांचे. म्हणून त्यात न दिसणारी गोष्ट सांगतो. इथली माती वाळूसारखी, पाणी क्षणात खाली जातं. वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास. बाहेर डुकरं पाळायला जागा निवडताना इथे सांगतात की पाऊस वर्षाला 750 च्या आत हवा, जमीन हलकी आणि सपाट हवी. कुडाळला तेवढा एकट्या जुलैत पडतो. तरीसुद्धा आमच्याकडे फेब्रुवारीत चिखल होतो, आणि मागच्या हिवाळ्यात खाद्याचा ट्रॅक्टर असा रुतला की 2 दिवस मी खांद्यावरून पोती वाहिली. ताईंचा 8 महिन्यांचा नियम म्हणूनच मला पटला.

इथे फेरपालट अशी: 2 वर्षं क्लोव्हर आणि गवत, त्यावर डुकरं, मग नांगरून गहू, मग बार्ली. डुकरांनी टाकलेलं नत्र गव्हाला मिळतं. डुकरं एकाच जागी राहिली तर तेच नत्र पावसाबरोबर खाली झिरपून विहिरीत जातं, आणि जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. म्हणून जागा बदलणं हा शोभेचा भाग नाही.

किती डुकरं, यालाही हिशेब आहे. युरोपच्या सेंद्रिय नियमात हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा धरतात. त्या मापाने हेक्टरला साडेसहा माद्या किंवा मांसासाठी वाढवायची 14 जनावरं बसतात. भाऊ, तुमच्या 2 एकर काजूला हे लावलं तर फार तर 5 माद्या, त्याही बाकी जनावरांचं शेण न धरता. त्यामुळे 2 माद्यांपासून सुरुवात ठीक, पण त्यांना प्रत्येकी 8-10 पिल्लं झाली की हिशेब बघता बघता बदलतो.

पिल्लं इथे सेंद्रियमध्ये 40 दिवसांच्या आत आईपासून तोडता येत नाहीत. आम्ही 8 आठवडे ठेवतो. तोडल्यावर 4 ते 7 दिवसांत मादी माजावर येते, ती तारीख लिहून ठेवा. उकरू नये म्हणून नाकात कडी घालायची जुनी पद्धत आहे, सेंद्रियमध्ये ती चालत नाही. आणि तुम्हाला तर ती उकरायलाच हवी आहेत! एक फायदा सातारकर दादांच्या शेडला नाही. बंदिस्त पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं, कारण आईच्या दुधात लोह नसल्यात जमा असतं. बाहेरची पिल्लं माती चाटून ते मिळवतात. तुमची तर लाल जांभ्याची माती.

अजून एक. इथे घरच्या स्वयंपाकघरातलं उरलेलं डुकराला घालणं गुन्हा आहे. 2001 मध्ये लाळ्या-खुरकूतची मोठी साथ आली, त्यानंतर खरकटं घालणं पूर्ण बंद केलं. मला सुरुवातीला हा अतिरेक वाटायचा, आपल्याकडे तर डुक्कर म्हणजे खरकटंच.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर

सांगलीकरांनी शेवटी जे म्हटलं तिथून मी पुढे नेतो, कारण माझी सगळी काळजी तिथेच आहे.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर. भारतात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात याची पहिली नोंद झाली, 2022 मध्ये केरळात वायनाडपर्यंत आला. माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही, आणि आपल्याकडे टोचायला लसही नाही. एका गोठ्यात आला की त्याच्यासकट आसपासची सगळी डुकरं मारून पुरतात. सेवेत असताना दुसऱ्या एका रोगासाठी असे खड्डे मी खणून घेतले आहेत. मालक खड्ड्याच्या काठावर बसून राहतो, त्याला उठ म्हणवत नाही.

हा विषाणू खारवलेल्या, गोठवलेल्या मांसातही महिनोन्महिने टिकतो. म्हणून हॉटेलचं खरकटं नकोच. एखाद्याला घालायचंच असेल तर सगळं एकत्र अर्धा तास खळाखळा उकळून. त्यातही हॉटेलच्या खरकट्यात मीठ फार. पिण्याचं पाणी कमी पडलं तर त्या मिठानेच डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, झटके येतात आणि मरतं. लोकांना वाटतं कुणी विष घातलं. पाजत्या मादीला दिवसाला 20-30 लिटर पाणी लागतं, हे कुणाला खरं वाटत नाही.

रानडुकराचं बघा. मादी माजावर आली की वरचा नर खाली येतोच, दोन तारांना तो जुमानत नाही. चार महिन्यांनी पट्टेदार पिल्लं झाली की लोक मला फोटो पाठवायचे, "डॉक्टर, ही कुठली जात?" पिल्लांचं हसणं ठीक, पण रोगही असाच येतो. माजावरच्या मादीला ते 3-4 दिवस आत ठेवा आणि रानाच्या बाजूला दुहेरी कुंपण करा, दोन्हींत दोन-तीन मीटर अंतर. रानडुक्कर संरक्षित प्राणी आहे, त्याला फासे लावायच्या भानगडीत पडू नका.

आता बाबांबद्दल. त्यांचं म्हणणं नुसतं सोवळं म्हणून उडवू नका. एकेकाळी गावात उघड्यावर शौच आणि मोकाट डुकरं हे एकत्रच होतं. माणसाची विष्ठा खाल्लेल्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी होतात, ते कच्चं राहिलं तर माणसाच्या पोटात कृमी वाढतो. आणि त्या माणसाकडून बाहेर पडलेली अंडी हात-पाण्यातून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात. म्हणून शेतावर येणाऱ्या प्रत्येक मजुराला संडास हवा. तुमच्या डुकरांना ती वाट बंद असेल तर बाबांना तसं सांगा, त्यांनाही ते समजेल.

डास हा दुसरा मुद्दा. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात वाढतो, डुक्कर बहुधा आजारी दिसत नाही, आणि भातखाचरातला डास तो माणसापर्यंत नेतो. डुकराला घाम येत नाही म्हणून लोळायला चिखल हवाच, पण ती डबकी घरापासून लांब ठेवा आणि आठवड्याला एकदा उपसून कोरडी करा. चिखलात अनवाणी जाऊ नका. लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस) सिंधुदुर्गातल्या माणसाला मी काय सांगायचं. स्वाइन फीव्हरची लस मिळते ती आफ्रिकनची नव्हे, जुन्या क्लासिकल स्वाइन फीव्हरची, ती डुकरांना दरवर्षी टोचून घ्या. मादीला व्यायच्या दोन आठवडे आधी जंताचं औषध. सेंद्रिय आहे म्हणून जनावराला आजारी ठेवू नका, औषध द्या आणि विक्री पुढे ढकला.

सातारी दादा, तुमच्या मुंगसाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

सातारी_शेड

डॉक्टर, 😄. बरं, 4 महिने आत हे मला मान्य. म्हणजे शेड लागलंच की नाही शेवटी?

मातीतला_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना डॉक्टरांचं पट्टकृमीचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे माझा खरा होता." मी म्हटलं हो. मग विचारलं, संडास आपल्याकडे तीन-तीन आहेत, मग? त्यावर काही बोलले नाहीत, पण जेवताना अचानक म्हणाले, आजोबांच्या वेळी गावात कुणाकडे तरी होती आणि लोक रानडुकराचं मटण मिळालं की रात्री बोलावून नेत. आता हे होकाराकडे चाललंय की नाही, कळत नाही.

ताई, पावसाळ्याच्या छपरासाठी जुना गाईंचा गोठा मोकळा आहे, 20 फूट बाय 12 फूट. पहिल्या वर्षी 2 माद्या आणि नर त्यात बसतील का? आणि बिबट्याचं तुम्ही काय करता?

कुळागराची_लेक

भाऊ, माद्या पहिल्या वर्षी घेऊच नका. नर तर मुळीच नको, तो वर्षात दोनदा कामाचा आणि रोज खायचा. संक्रांतीची पिल्लं मार्चमध्ये आईपासून तुटतात. त्यातली दोन खच्ची केलेली घ्या. एक नको, एकटं डुक्कर झुरतं आणि ओरडून गाव गोळा करतं. त्यांना बोंडू घाला, पाऊस गोठ्यात काढा, दिवाळीला एक लव्हाळ्याचा कुणगा द्या आणि नाताळला विका. एक पाऊस पार पडला की माद्यांचं बोलू. गोठा दोघांना भरपूर आहे, फक्त तुसाची सोय आत्ताच गिरणीवाल्याकडे करून ठेवा, जूनमध्ये सगळ्यांनाच ते हवं असतं.

बिबट्यासाठी रात्री दार बंद, दुसरं काही नाही. संध्याकाळचं खाणं नेहमी आतच घालायचं, मग बोलवावं लागत नाही, 5 वाजता तीच दारात उभी असतात. एकदा पिल्लू गेलं ते अजगराने नेलं, बिबट्याने नव्हे. कौलाखालची फट बुजवायची राहिली होती.

बाबांना घेऊन एखाद्या रविवारी या, मिस्सा संपते 9 ला, त्यानंतर कधीही. बोंडू घालायचं काम त्यांच्या हातात देऊन बघू. गाडी वरच्या रस्त्यालाच ठेवा, आणि डॉक्टरांनी घाबरवलंय म्हणून सांगते, तुमच्या चपलाही वरच काढा. खाली आमच्या आहेत. बाबांच्या चपलेचा नंबर किती?